देणं फेडण्याचा हक्क
(बिरवाडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर्ज बुडवणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. कर्ज फेडायला निघालेल्या, पण फेडू न दिलेल्या माणसाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे. त्याच्यावर कोर्टात दावा झाला, निकाल विरुद्ध गेला, हुकूमनामा झाला. त्याने तो मुकाट्याने मान्य केला. घरातलं किडूकमिडूक मोडलं, मुंबईच्या भावाकडून उसनवारी केली आणि रक्कम घेऊन तो धनकोच्या दारात गेला. धनको म्हणाला, "आता नको. नंतर बघू." महिन्याने पुन्हा गेला, तरी तेच उत्तर. वर्षभरानंतर त्याच्या दारात कोर्टाचा बेलिफ उभा राहिला. हातात जमिनीच्या जप्तीचं वॉरंट, आणि रक्कम वर्षभराच्या व्याजासह फुगलेली.

1872 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका निकालात म्हटलं होतं की हिंदुस्थानातल्या दावेदाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात. ते धनकोच्या बाजूने खरं होतं आणि आजही आहे. पण ऋणकोच्या बाजूनेही ते तितकंच खरं असू शकतं, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. देणं फेडणं हे ऋणकोचं कर्तव्य आहे, आणि तो त्याचा हक्कही आहे. हा हक्क धनकोच्या मर्जीवर अवलंबून नाही. मात्र तो तोंडी बजावता येत नाही, कागदावर बजावावा लागतो.

धनको पैसे का नाकारतो?

पैसे नको म्हणणारा सावकार ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. पण त्यामागचा हिशेब सरळ असतो. पहिलं कारण जमीन. बिरवाडीच्या आसपास औद्योगिक वसाहत आली, महामार्ग रुंद झाला, आणि जी वरकस जमीन कोणी विचारत नव्हतं तिला भाव आला. दोन-तीन लाखांच्या हुकूमनाम्याखाली काही पटींनी मोठी जमीन लिलावात निघणार असेल, तर लबाड धनकोला पैशांत रस उरत नाही. त्याला लिलाव हवा असतो. दुसरं कारण व्याज. देणं जितकं लांबेल तितकी रक्कम वाढते. तिसरं कारण हुकूमनाम्याबाहेरची मागणी. कोर्टाने दोन लाख ठरवले, पण बोलणं तीन लाखांचं झालं होतं असं म्हणायचं, आणि तीन मिळेपर्यंत दोन घ्यायचेच नाहीत. चौथं कारण लबाडीचं नसतं. धनको वारतो, वारस मुंबई, पुणे, बडोदा असे विखुरलेले असतात, त्यांचं आपसांत जमत नाही, आणि पैसे कोणाच्या हातात द्यायचे हेच ऋणकोला कळत नाही.

कारण कोणतंही असो, कायद्याचं उत्तर एकच आहे: धनको घेत नसेल तर कोर्ट घेईल.

कागद कोणाच्या हातात?

हे उत्तर आपल्याकडे सहज आलेलं नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि तो वणवा पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्या उठावात शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. कारण उघड होतं. देण्याघेण्याचा सगळा कागद एकाच बाजूच्या हातात होता. शेतकऱ्याने किती दिलं याची नोंद सावकाराच्या वहीत, आणि ती वही वाचणारा सावकारच.

त्यानंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. रोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता ते उकरून पाहण्याची मुभा कोर्टाला दिली. आणि शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क दिला. या कायद्याखालच्या कामावर देखरेख करणारे खास न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काही वर्षं काम केलं. सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळून जे मागितलं होतं ते कायद्याने कागद देऊन द्यायचा प्रयत्न केला. सावकाराचा कागद नष्ट करून भागत नाही, शेतकऱ्याच्याही हातात कागद लागतो, ही ती समज होती.

आपला जुना कुलाबा जिल्हा खोतीचा. कुळाने खंड घातला तरी पावती हातात पडेलच याची खात्री नव्हती. 1933 पासून सहा वर्षं अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. पुढे कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कूळ जमिनीचं मालक झालं. त्यातली एक तरतूद आजच्या विषयाला फार जवळची आहे. जमिनीची किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, आणि कुळाने ती मालकाच्या हातात नाही, न्यायाधिकरणाकडे भरायची. किंमत पूर्ण भरली की न्यायाधिकरण खरेदीचं प्रमाणपत्र देणार. मालक राजी असो वा नसो, पैसे घेवो वा न घेवो, कुळाचं मालक होणं अडत नव्हतं. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की देणाऱ्याला घेणाऱ्याच्या दारात उभं केलं तर तो अडवला जाईल.

दिवाणी कायद्याची वाट

आता हुकूमनाम्याकडे येऊ. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची आहे. तिचा आदेश 21 अंमलबजावणीचा आहे, म्हणजे आपण कोर्टात ज्याला दरखास्त म्हणतो त्याचा. त्याचा अगदी पहिला नियम पैसे कसे फेडायचे हे सांगतो. 1976 च्या दुरुस्तीने तो नियम नव्याने लिहिला गेला, आणि धनकोने पैसे नाकारले तर काय, याचं थेट उत्तर त्यात आलं. हा नियम मी सावकाश सांगतो.

हुकूमनाम्याची रक्कम फेडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, ज्या कोर्टाने अंमलबजावणी करायची त्या कोर्टात रक्कम भरणं. प्रत्यक्ष भरा, मनी ऑर्डरने पाठवा किंवा बँकेमार्फत पाठवा. दुसरा, कोर्टाबाहेर थेट धनकोला देणं. मनी ऑर्डरने, बँकेमार्फत, किंवा ज्याचा लेखी पुरावा राहतो अशा रीतीने. तिसरा, कोर्टाने ठरवून दिला असेल तो मार्ग.

या कोकणात मनी ऑर्डर म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. गिरणीत काम करणारा चाकरमानी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवायचा आणि त्यावर इथली घरं चालायची. पोस्टमन कोणाकडे थांबला हे सगळ्या वाडीला कळायचं. त्याच मनी ऑर्डरला संहितेने देणं फेडण्याचं साधन म्हणून मान दिला आहे. फक्त त्यावर काही गोष्टी नेमक्या लिहाव्या लागतात: मूळ दाव्याचा नंबर, वादी-प्रतिवादींची नावं, दरखास्तीचा नंबर असल्यास तो, पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, आणि ही रक्कम मुद्दलापोटी, व्याजापोटी की खर्चापोटी. मनी ऑर्डरच्या कुपनावर आपण ख्यालीखुशाली लिहीत आलो. इथे त्या इवल्या जागेत या ओळी लिहायच्या. बँकेतून पाठवत असाल तरी हाच तपशील लेखी कळवायचा.

आता कळीचा भाग. धनकोने मनी ऑर्डर किंवा बँकेतून आलेली रक्कम नाकारली, तर ज्या दिवशी ती त्याच्यापुढे केली गेली त्या दिवसापासून त्या रकमेवरचं व्याज थांबतं. आणि तो टाळाटाळ करत असेल, पोस्टमन आला की घरात नाही म्हणून सांगत असेल, तर पोस्टाच्या नेहमीच्या कामकाजात ती रक्कम ज्या दिवशी त्याच्यापुढे गेली असती त्या दिवसापासून व्याज थांबतं. "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेला पोस्टाचा कागद ऋणकोला अपमानासारखा वाटतो. माझ्याकडे येणारे पुष्कळ लोक तो खिशात चुरगळून ठेवतात. तो कागद म्हणजे तुमचा उत्तम पुरावा आहे. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

पण नकाराचा पुरावा मिळाला म्हणजे देणं संपलं, असं नाही. भारतीय करार कायद्याचं कलम 38 सांगतं की योग्य वेळी, योग्य ठिकाणी, विनाअट आणि पूर्ण रक्कम पुढे केली आणि ती नाकारली गेली, तर देणाऱ्याकडून कसूर झाली असं होत नाही. देणं मात्र शिल्लक राहतं. म्हणून नकार आला की लगेच पहिल्या मार्गाकडे वळायचं: कोर्टात रक्कम भरायची.

कोर्टात भरणा कसा करायचा

महाडच्या दिवाणी न्यायालयाचं नाव चवदार तळ्याच्या दाव्याने देशभर झालं. 1927 साली दाखल झालेल्या त्या दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला. पण त्या न्यायालयात रोज येणारा माणूस असे मोठे दावे घेऊन येत नाही. तो जमिनीची हद्द, वाटणी आणि देणंघेणं घेऊन येतो.

असा माणूस पैसे भरण्यासाठी आला की त्याने करायचं ते एवढंच. एक अर्ज लिहायचा: अमुक नंबरच्या दाव्यात अमुक तारखेला हुकूमनामा झाला, रक्कम धनकोपुढे केली, ती नाकारली, म्हणून ती न्यायालयात भरण्याची परवानगी मिळावी. हिशेब जोडायचा. मुद्दल इतकं, हुकूमनाम्यात सांगितलेल्या दराने अमुक तारखेपर्यंतचं व्याज इतकं, दाव्याचा खर्च इतका. आदेश झाला की नाझरच्या विभागात रक्कम भरायची आणि पावती घ्यायची. पावतीवर दाव्याचा नंबर बरोबर आहे की नाही ते तिथेच उभं राहून तपासायचं, कारण एका आकड्याच्या चुकीने पैसे भलत्याच प्रकरणात जमा दिसतात आणि ते शोधण्यात वर्ष जातं.

यानंतर जे पाऊल आहे तेच बहुतेक लोक विसरतात. कोर्टात पैसे भरल्यावर धनकोला नोटीस द्यावी लागते, एकतर कोर्टामार्फत, नाहीतर थेट पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने. आणि व्याज थांबतं ते पैसे भरल्याच्या दिवशी नाही, ही नोटीस धनकोला बजावली गेल्याच्या दिवशी. एक हिशेब मांडतो. मुद्दल 2,00,000 रुपये, व्याज द.सा.द.शे. 6, म्हणजे महिन्याला 1,000 रुपये. पैसे जूनमध्ये भरले आणि नोटीस डिसेंबरमध्ये बजावली, तर कोर्टात पडून असलेल्या रकमेवर 6,000 रुपये व्याज विनाकारण चढलं. हे नुकसान टाळायला टपालखर्चाचे थोडे पैसे आणि एक दिवस पुरेसा असतो.

दुसरी काळजी रकमेची. अपुरी रक्कम भरली तर व्याज तेवढ्याच रकमेपुरतं थांबतं. शिवाय भरलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात वळती होते आणि उरली तर मुद्दलात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2006 साली गुरप्रीत सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हुकूमनाम्यातच वेगळं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. समजा वरच्याच हुकूमनाम्यात दोन वर्षांचं व्याज 24,000 आणि खर्च 9,000 झाला. एकूण देणं 2,33,000. ऋणकोने फक्त 2,00,000 भरले आणि मुद्दल फिटलं असं समजून घरी गेला. प्रत्यक्षात 33,000 व्याज-खर्चात गेले, 1,67,000 मुद्दलात गेले, आणि 33,000 मुद्दल अजून शिल्लक. त्यावर व्याज चालूच. हिशेब वकिलाकडून किंवा जाणत्या माणसाकडून दोनदा तपासून घ्या, आणि शंका असेल तर थोडे जास्त भरा. जास्तीचे परत मागता येतात.

तिसरी काळजी भरण्याच्या हेतूची. अपील करताना अंमलबजावणीला स्थगिती मिळावी म्हणून कोर्टात रक्कम भरली जाते. ती तारणादाखल असते, फेड नसते. अशा ठेवीने हुकूमनाम्याची फेड होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 सालीच रामनाथन चेट्टियार प्रकरणात सांगितलं. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहायचं की ही रक्कम हुकूमनाम्याच्या फेडीपोटी भरली आहे आणि धनकोने ती केव्हाही विनाअट काढून घ्यावी.

पैसे घेऊन मुकरणारा धनको

काही धनको पैसे नाकारत नाहीत. ते रोख घेतात, पावती देत नाहीत, आणि दोन वर्षांनी दरखास्त लावतात. इथे कायदा फार कठोर आहे, आणि तो कठोरपणा ऋणकोच्या अंगावर येतो. आदेश 21 चा दुसरा नियम सांगतो की कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदले गेले नाहीत, तर अंमलबजावणी करणारं कोर्ट त्यांची दखलच घेणार नाही. चार साक्षीदारांसमोर दिले, देवळात दिले, सरपंचांच्या ओटीवर दिले, तरी. लेखी पुरावा असावा लागतो, किंवा पैसे पहिल्या नियमाच्या रीतीने दिलेले असावे लागतात, किंवा धनकोने ते मिळाल्याचं कबूल करावं लागतं.

आणि ही नोंद करून घेण्याची मुदत अवघी 30 दिवसांची आहे. धनकोला दरखास्त लावायला 12 वर्षं, ऋणकोला फेड नोंदवायला 30 दिवस. ही तफावत मला खटकते आणि ती बदलावी असं माझं ठाम मत आहे. पण ती बदलेपर्यंत प्रत्येक ऋणकोने 30 दिवस हा आकडा पाठ करून ठेवला पाहिजे. पैसे दिल्याच्या महिन्याच्या आत कोर्टात अर्ज द्यायचा. कोर्ट धनकोला नोटीस काढून, फेड का नोंदवू नये, असं विचारतं.

फिटलेल्या हुकूमनाम्याची दरखास्त कपटाने लावणं हा गुन्हाही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम 210 खाली होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम 247 खाली आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फेड झाली की नाही या वादासाठी मात्र वेगळा दावा लावायचा नसतो. संहितेच्या कलम 47 प्रमाणे तो दरखास्तीतच, त्याच कोर्टाने ठरवायचा असतो.

लिलाव दारात आला तरी

उशीर झाला, जप्ती झाली, लिलावाची तारीख लागली, म्हणून सगळं संपलं असं समजू नका. लिलाव चालू असताना, शेवटची बोली मान्य होण्याच्या आधी, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे देणं आणि खर्च ठेवला किंवा रक्कम कोर्टात भरल्याचा पुरावा दाखवला, तर त्याला लिलाव थांबवावाच लागतो. लिलाव होऊन गेला तरी 60 दिवसांच्या आत लिलावाच्या जाहीरनाम्यातली रक्कम आणि लिलावात घेणाऱ्यासाठी त्याच्या किमतीच्या 5 टक्के रक्कम भरली, तर आदेश 21 नियम 89 प्रमाणे विक्री रद्द होते. या दोन्ही ठिकाणी धनकोची संमती कोणी विचारत नाही.

देण्यापेक्षा कितीतरी मोठी जमीन लिलावाला लावली असेल, तर त्यालाही हरकत घेता येते. फेडीला लागेल तेवढाच भाग विकणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे. शेतीवर पोट असणाऱ्या माणसाचं राहतं घर, नांगर-अवजारं, बैल यांना कलम 60 ने जप्तीपासून संरक्षण दिलेलं आहे. आणि देण्याची ऐपत नसलेल्या गरिबाला केवळ देणं फेडलं नाही म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सांगितलं आहे.

गहाण, वारस आणि परवानाधारक सावकार

हुकूमनाम्याच्या आधीही हा प्रश्न येतो. जमीन गहाण आहे, मुदत झाली, पैसे तयार आहेत, गहाणदार घेत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 83 अशा वेळी रक्कम कोर्टात भरू देतं, आणि कलम 84 व्याज थांबवतं. गहाण सोडवण्याचा दावा लावायला 30 वर्षांची मुदत आहे. गहाण फेडून जमीन सोडवण्याचा हक्क कोणत्याही अटीने मारता येत नाही.

धनको वारला असेल आणि वारस भांडत असतील, तर त्यांच्या भांडणात पडू नका. एका भावाला पैसे दिले आणि दुसरा मागायला आला, असं होऊ देऊ नका. रक्कम कोर्टात भरा, ज्ञात वारसांना नोटीस द्या. वारसा प्रमाणपत्र आणून पैसे काढायचं काम त्यांचं.

खासगी सावकारीसाठी आपल्याकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 आहे. सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, म्हणजे आपला जुना दामदुपटीचा नियम त्यात आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे करायची असते. सावकारीतून बेकायदा बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकारही या कायद्याने जिल्हा निबंधकांना दिलेला आहे.

आपण धनको असू तेव्हा

इथे बसलेल्या पुष्कळांच्या जमिनी महामार्गाला गेल्या. त्या व्यवहारात सरकार ऋणको होतं आणि तुम्ही धनको. मोबदला कमी वाटला म्हणून काही जणांनी पैसे घ्यायला नकार दिला. त्यांचा संताप मला समजतो. पण आतापर्यंत जे सांगितलं तेच सरकारच्याही बाजूने लागू होतं. घेतलं नाही तर ते जमा करतात आणि त्यांची जबाबदारी पार पडते. ज्याने मोबदला नाकारला, त्याला पुढे मोबदला मिळाला नाही म्हणून संपादन रद्द झालं असं म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 6 मार्च 2020 च्या इंदूर विकास प्राधिकरण निकालात सांगितलं. म्हणून पैसे नाकारू नका. "हरकत राखून स्वीकारले" असं लेखी देऊन घ्या आणि वाढीव मोबदल्यासाठी भांडा. लढाई त्याने कमकुवत होत नाही. उलट वकिलाची फी आणि मुलांचं शिक्षण त्याच पैशातून भागतं.

शेवटचं

22 जुलै 2021 रोजी महाड बुडालं आणि तळीयेवर दरड कोसळली. त्या दिवसांतलं दुःख इथे सांगण्याची गरज नाही. ते या मंडपात बसलेलं आहे. मी फक्त एवढंच सांगतो की त्या चिखलात घराघरांतले रोखे, पावत्या, खरेदीखतं गेली. ज्यांनी देणं फेडून त्याची नोंद कोर्टात करून घेतली होती, त्यांचा कागद गेला तरी पुरावा गेला नाही. नक्कल काढता आली. ज्यांची फेड फक्त घरातल्या चिठोऱ्यावर होती, त्यांच्याकडे शब्दाशिवाय काही उरलं नाही.

वकील परवडत नाही ही सबब आता राहिलेली नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चं कलम 12 वाचा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीचे बळी, या सगळ्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि पैशाची अट या मंडळींना लागू नाही. कारखान्यात काम करणारा बिरवाडीचा कामगार आणि पुरात घर गेलेला महाडचा माणूस, दोघेही या यादीत आहेत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा असतो.

 तुमच्या घरात, शेजारात, वाडीत कोणावर हुकूमनामा झाला असेल आणि धनको पैसे घेत नसेल, तर त्याला या चार गोष्टी सांगा. रक्कम कोर्टात भर. धनकोला रजिस्टर टपालाने नोटीस दे. हुकूमनामा फिटल्याची नोंद कोर्टाकडून करून घे. आणि कोर्टाचं पत्र तलाठ्याकडे नेऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा उतरवून घे. चौथी गोष्ट झाल्याशिवाय पहिल्या तीन पूर्ण झाल्या असं समजू नका. बोजा उतरलेला नवा सातबारा हातात घेतल्यावरच देणं संपलं म्हणा.